चैन कशाला म्हणायचे?

मास्तर माणसाने आयुष्यात किती वेळा "ही चैन परवडायची नाही" असे म्हटले असेल, याचा कुणी हिशेब मांडला तर माझा नंबर बराच वर लागेल. घरात म्हटले, वर्गात म्हटले, सहलीची वर्गणी ठरवताना म्हटले. आणि एकदा असे म्हटले, की ते वाक्य अजून माझ्या घशात अडकून बसले आहे. त्या वाक्याचा जाब द्यावा म्हणून हा लेख लिहीत आहे. जाब देता देता आणखी काही मंडळींनाही मी पिंजऱ्यात ओढणार आहे. त्यांची आगाऊ माफी मागण्याची मला गरज वाटत नाही.

कृष्णाकाठच्या एका गावात मी चित्रकला शिकवतो. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि पाचवी ते दहावीच्या शाळेत चिकटलो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दिवाळी सरली आणि साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की आमच्या पटावर काही नवी नावे चढतात. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली ही पोरे. शिवाराच्या कडेला कोप्या पडतात, आईबाप पहाटेच्या अंधारात फडावर जातात, आणि ज्या दिवशी धाकटे भावंड सांभाळायचे नसेल त्या दिवशी मूल शाळेत येते. असाच एक मुलगा त्या वर्षी पाचवीत मागच्या भिंतीला टेकून बसत असे. जानेवारी महिना होता. त्याच्या पायांत चप्पल नव्हती आणि टाचा उललेल्या होत्या.

एके दिवशी त्याने पिशवीतून मेणाच्या रंगीत खडूंची कोरी करकरीत पेटी काढली. किंमत साठ रुपये. पैसे कुठून आणलेस, असे मी विचारले. "वाढं विकल्याचं, सर. आईनं दिलं," तो म्हणाला. उसाचे वाढे वैरणीला विकून दोन पैसे सुटतात, त्यांतले ते होते. त्यावर मी, रंगांवर ज्याचे घर चालते तो मी, सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "पायात चप्पल नाही, आणि ही चैन कशाला रे?"

वर्ग हसला. मुलाने पेटी बंद करून पिशवीत ठेवली आणि तास संपेपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.

मी काही मुद्दाम दुष्टपणाने बोललो नव्हतो. मला त्या पायांची कीवच आली होती. पण कीव करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गरजांची यादी आपण करावी असा मोह फार लवकर होतो, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते. ते कळायला बरीच वर्षे गेली.

आता ज्या शब्दाने मी त्या मुलाला मारले, तो शब्दच जरा उलगडून पाहू. 'चैन' म्हणजे गरजेपलीकडचे, नसले तरी चालेल असे, असा अर्थ आपण धरून चालतो. परंतु आपली भाषा आपल्यापेक्षा शहाणी आहे. मुलगा रात्री वेळेवर घरी आला नाही तर आईच्या जिवाला चैन पडत नाही. आजारी माणूस कूस बदलत राहतो, त्याला कशाने चैन म्हणून नाही. ज्याच्यापाशी ती नाही त्याला आपण बेचैन म्हणतो. म्हणजे ज्या शब्दाने आपण उधळपट्टीवर बोट ठेवतो, तोच शब्द मराठी माणूस जिवाच्या स्वास्थ्यासाठी वापरतो. ज्याच्या अभावी जीव तळमळतो, ती वस्तू फालतू कशी? एकाच नावाखाली इथे दोन निरनिराळ्या वस्तू राहतात. त्यांतली एक चोर आहे आणि शिक्षा नेहमी दुसरीला होते, अशी माझी तक्रार आहे.

मंडळी म्हणतील, हा शब्दच्छल झाला. गरज ती गरज. अन्न, वस्त्र, निवारा. आधी चप्पल, मग रंग. ठीक आहे, चपलेचेच बोलू. माझ्या एका प्राध्यापक मित्राने ॲडम स्मिथ या अर्थशास्त्राच्या आद्य पुरुषाचे १७७६ सालचे पुस्तक काढून मला त्यातला एक भाग वाचून दाखवला. कातडी जोडा ही गरज की चैन, याचा विचार स्मिथने केला आहे. तो सांगतो, की इंग्लंडमध्ये जोडा ही गोरगरीब बाईपुरुषांची गरज आहे, त्यावाचून त्यांना चारचौघांत जायला लाज वाटेल. स्कॉटलंडात ती पुरुषाची गरज आहे, बाईची नव्हे. आणि फ्रान्समध्ये दोघांचीही नव्हे. माणसाचा तळवा तिन्ही देशांत सारखाच. काट्याने आणि थंडीने तो सारखाच फुटतो. तरी गरज तीन देशांत तीन तऱ्हांची! याचा अर्थ, गरजेची यादी निसर्ग करत नाही, समाज करतो. कुणाला कशावाचून लाज वाटावी आणि कुणाला कशावाचून चालवून घ्यावे लागावे, हे चारचौघे ठरवतात. प्रश्न एवढाच, की हे चारचौघे कोण? माझ्या वर्गात त्या दिवशी तो एकटा मीच होतो.

सरकार नावाच्या चारचौघांनी काय ठरवले तेही पाहा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर सुरू झाला. त्यात सोन्यावर कर ३ टक्के आणि पोरांच्या रंगीत खडूंवर १२ टक्के. सोन्याला आयातशुल्क निराळे असते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे कुणी तो खुलासा करण्याची तसदी घेऊ नये. पण एका कायद्याच्या एकाच कोष्टकात सोन्यापेक्षा खडूला चौपट दर लावताना कुणाचा हात थरथरला नाही, हे खरे ना? २२ सप्टेंबर २०२५ पासून खडूंवरचा कर शून्य झाला, ही चांगली गोष्ट झाली. मात्र मधली आठ वर्षे जी मुले पाचवीतून बाहेर पडली, त्यांनी हा बोजा सोसूनच चित्रे रंगवली.

किंवा शिक्षणहक्काचा कायदा घ्या. २००९ साली झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला हा कायदा मोठा आहे. त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे, की सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तर शाळेला कलेसाठी अर्धवेळ निदेशक मिळावा. शंभर मुले असतील तोवर चित्रकला चैन. एकशे एकावे मूल दारातून आत आले, की ती एकदम गरज होते, आणि तीही अर्धा वेळ! ज्या वाडीवर सगळी मिळून चाळीस मुले आहेत, तिथल्या मुलांना डोळे नसतात की काय? पाचवीपर्यंतच्या मुलांना तर त्या ओळीत जागाच नाही. माझा तो ऊसतोड्याचा मुलगा पाचवीत होता. मी त्याला जे बोललो, ते कायदा माझ्या आधीच बोलून बसला होता.

आता गावातल्या चारचौघांकडे येतो. आमच्याकडे पालकांची सभा भरली की चित्रकलेवर चर्चा हटकून होते. पोराला एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवा, दहावीला सवलतीचे गुण मिळतात, एवढ्यापुरती चित्रकला सर्वांना मान्य असते. एकदा मी सुचवले, की गरीब मुलांसाठी शाळेनेच कागद आणि रंग घेऊन ठेवावेत. तेव्हा एक सद्गृहस्थ उठून म्हणाले, "सर, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ही असली चैन खेड्यातल्या शाळेला परवडत नाही." पुढे दोन महिन्यांनी याच गृहस्थांच्या घरचे लग्न झाले. वरातीपुढे भिंती हादरवणारा डीजे होता, आणि खड्डे खणायचा जेसीबी आणून त्याच्या पंजातून नवरानवरीवर फुलांची वृष्टी करण्यात आली. पंगतीत मी शेजारी बसलो होतो. न राहवून मी विचारले, "एवढा खर्च?" ते अगदी मनापासून म्हणाले, "काय करता, करावाच लागतो. समाजात राहायचं म्हणजे गरजच आहे ती."

ते ढोंग करत नव्हते. जेसीबी ही त्यांना खरोखरच गरज वाटत होती, कारण शेजारच्या गावात मागच्या महिन्यात एक आला होता. पैसेवाल्याची चैन त्याच्या तोंडी गरज होते, आणि गरिबाची गरज त्याच तोंडी चैन होते. अंथरुणाची म्हण मला लहानपणापासून पाठ आहे. पण अंथरूण कापताना कात्री कुणाच्या हातात होती, हे कुठलीच म्हण सांगत नाही.

इथे कुणी मला थांबवील आणि सातारचाच दाखला देईल. लक्ष्मीबाई पाटलांनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटाला घालण्यासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा मोडले. अशा जिल्ह्यांत राहून तुम्ही रंगाच्या पेट्या मागता? दाखला खरा आहे आणि त्यापुढे माझी मान नेहमी लवते. पण तो माझ्याच बाजूचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा कुणब्याच्या आणि महारामांगांच्या पोराने शिकणे हीच मुळी गावाच्या लेखी चैन होती. नांगर धरायचा सोडून पाटी कशाला? लक्ष्मीबाईंनी सोने विकून जे जगवले, ते त्या काळच्या यादीत गरज म्हणून नव्हतेच. पाऊणशे वर्षे आणखी मागे जा. खंडाळ्याजवळच्या नायगावची सावित्रीबाई १८४८ नंतर पुण्यात मुलींना शिकवायला निघाली, तेव्हा तिच्या अंगावर शेणमाती पडली. बाईला अक्षर हवेच कशाला, हाच त्यामागचा सवाल होता. तिच्या यजमानांचे घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून फुले झाले. वाड्यातल्या फुलांची ती चैन कुणाला कधी खटकल्याचे ऐकिवात नाही. त्याच घराण्यातल्या जोतीरावांनी रयतेच्या पोरांसाठी अक्षरे मागितली, ती मात्र खटकली.

आज लिहिणेवाचणे ही गरज आहे, हे कुणालाही पटते. यादी बदलली ती आपोआप बदलली नाही. ज्यांना लोक वेडे म्हणाले, त्यांनी ती भांडून बदलून घेतली.

मग चैन अशी काही वस्तूच नाही काय? आहे. आणि ती ओळखायची खूण मला औंधाने शिकवली.

औंध हे खटाव तालुक्यातले दुष्काळी गाव. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. संस्थान लहान, बरेचसे मुलखाचे तुकडे माणदेशी, पावसाची रड कायमची. अशा संस्थानच्या राजाने राजा रविवर्म्यापासून हेन्री मूरपर्यंतच्या कलाकृती जमवल्या आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय उभे केले. हेन्री मूरची दगडातली आई आणि मूल आमच्या औंधात आहे, हे सांगितले तर पुण्यामुंबईचे लोक अजून चकित होतात. मीही तरुणपणी कुत्सितपणे म्हणत असे, की रयत पाण्याला महाग आणि राजाला चित्रांचा सोस! हा आक्षेप हलका नाही. राजाचा पैसा शेवटी रयतेचाच असतो.

पण त्या राजाने चित्रे वाड्याच्या आतल्या दालनात टांगून बाहेर पहारा बसवला नाही. डोंगरावर इमारत बांधून ती लोकांना पाहायला खुली केली. आणि संग्रहालय उघडल्यावर वर्षभरात, १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून संस्थानचा कारभारही लोकांच्या हाती दिला. या दोन गोष्टी मला निराळ्या वाटत नाहीत. ज्याने आपली चित्रे वाटून घेतली, त्याला सत्ता वाटून घेणे जड गेले नसावे. मी दर दोनतीन वर्षांनी मुलांना तिथे नेतो. शंभर मुले एका चित्रापुढे उभी राहिली म्हणून चित्र शंभराने भागले जात नाही. प्रत्येकाला ते पुरे मिळते.

हीच ती खूण. जी वस्तू शेजाऱ्यालाही मिळाल्याने माझा आनंद कमी होत नाही, उलट बोलायला सोबती मिळतो, ती चैन नव्हे. तिला जिवाची चैन म्हणा हवे तर. आणि जी वस्तू शेजाऱ्याकडे नाही म्हणूनच मला गोड लागते, त्याच्याकडे आली की मला शिळी वाटते आणि मी त्याहून मोठी आणायला धावतो, ती खरी चैन, ती उधळपट्टी. जेसीबीची फुले दुसऱ्या लग्नात पडली की पहिल्या लग्नाची शोभा जाते. वाढ्याच्या पैशांतून घेतलेल्या रंगांची शोभा पलीकडच्या पोराने रंग घेतल्याने जात नाही. दोघे मिळून निळा आणि पिवळा अदलाबदल करतात.

हे मी पुस्तकी बोलत नाही, पण पुस्तकाचाही आधार देतो. आटपाडी भागातल्या माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातली धनगरांची ती वाडी. तिथला तरुण मास्तर शाळा चालवतो आणि गावाच्या मनात तालीम बांधायचे भरवतो. ज्यांच्या घरी उद्याच्या भाकरीची खात्री नाही, ती माणसे अंगमेहनत करून तालीम उभी करतात. औंधचा राजा ती उघडायला येतो. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. हिशेबी माणूस म्हणेल, बघा, तालमीऐवजी धान्य साठवले असते तर! पण त्या दुष्काळाला मूठ मूठ धान्य पुरणार नव्हते. आणि तालीम बांधण्याच्या त्या दिवसांत ती विखुरलेली माणसे पहिल्यांदा एक गाव झाली होती. मला ती कादंबरी तालमीच्या प्रकरणांसाठीच आठवते. भाकरीने माणूस जगतो खरा, पण माणसांचे गाव होण्याला भाकरीखेरीज काहीतरी लागते, आणि ते नेमके आपण चैन म्हणून यादीतून खोडलेले असते.

आता वाचकहो, जरा तुमच्या हातातल्या वस्तूकडे पाहा. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस चकली-करंजीबरोबर कथा आणि कविता विकत घेत आला आहे. हा अंक कुणाच्या पोटात जात नाही आणि कुणाच्या अंगावर येत नाही. तरी तो वाचून झाला की शेजारी मागतो, मग त्याची मेहुणी मागते, आणि चार घरे फिरून कोपरे दुमडून परत येतो. त्याला आपण चैन म्हणत नाही. संस्कृती म्हणतो! मग तीच संस्कृती कोपीतल्या मुलाच्या हातात साठ रुपयांच्या पेटीच्या रूपाने आली, तेव्हा तिचे नाव का बदलले?

कुणी असे समजू नये, की मी चपलेच्या विरुद्ध रंगांची बाजू घेतो आहे. त्या मुलाला चप्पल हवीच होती. ज्याच्या आईबापांनी तोडलेल्या उसाची साखर साऱ्या देशाच्या चहात विरघळते, त्याच्या मुलाला चप्पल आणि रंग यांतले एकच काहीतरी निवडावे लागते, ही शरमेची गोष्ट आहे, आणि शरम त्या मुलाची नव्हे. मी मात्र त्या दिवशी ती त्याच्या माथी मारली.

म्हणून माझे मागणे साधे आहे. सरकार पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके फुकट देते. त्याच गठ्ठ्यात रंगांची एक पेटी आणि कागदांची एक वही घालावी. शाळेत मुले चाळीस असोत की चारशे, त्यांना चित्र आणि गाणे शिकवणारा माणूस मिळावा, आणि तो पुरा वेळ मिळावा. सातारा-सांगलीच्या प्रत्येक मुलाने शाळा सोडण्यापूर्वी एकदा औंधचा डोंगर चढावा. आणि कुणी सद्गृहस्थ याला चैन म्हणू लागले, तर त्यांच्या घरच्या शेवटच्या वरातीचा खर्च आधी सभेपुढे वाचून दाखवावा.

तो मुलगा एप्रिलमध्ये टोळीबरोबर परत गेला. पुढच्या हंगामात ती टोळी आमच्याकडे आली नाही. जाण्याआधी त्याने एकदा मला कागद दाखवला होता. उसाने भरलेली बैलगाडी कारखान्याकडे चालली होती आणि बैल निळे रंगवले होते. सवयीने मी विचारले, "निळे बैल कुठे पाहिलेस?"

"रातचं, सर," तो म्हणाला. "चांदणं असलं की निळंच दिसत्यात."

पंधरा-वीस वर्षे मी चित्रकला शिकवतो आहे. कारखान्याच्या रस्त्यावर रात्री बैलगाड्यांची रांग मी शेकडो वेळा पाहिली होती. त्या रात्री पुन्हा जाऊन उभा राहिलो. चांदणे होते. बैल खरोखरच निळे दिसत होते.